अवकाशनिवास, प्रसरणशील

प्रक्षेपणाच्या वेळी घडी करून लहान आकारात ठेवलेली व कक्षेत पोहोचल्यावर आत हवा भरून विस्तारणारी, मानवी वास्तव्यासाठी योजलेली संरचना. अग्निबाणाच्या अग्रभागात मावणार नाही एवढ्या व्यासाची धातूची कोठी अवकाशात नेता येत नाही. ही मर्यादा ओलांडणे हा या रचनेचा मूळ हेतू होय.

व्हेर्नर फोन ब्राउन यांनी १९५२ मध्ये सुमारे ७६ मी. व्यासाच्या चक्राकार अवकाशस्थानकाची कल्पना मांडली. त्याचे कवच लवचिक नायलॉनचे योजिले होते. १९६१ च्या सुमारास गुडइयर कंपनीने ७.३ मी. व्यासाचा वलयाकार नमुना तयार केला. १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सेई लिओनॉव्ह हे व्हॉस्खोड-२ या यानाला जोडलेल्या फुगत्या दालनातून अवकाशात बाहेर पडले. ते दालन मात्र केवळ ये-जा करण्यापुरते होते.

दीर्घ वास्तव्यात मुख्य अडचण दाबाची असते. समुद्रसपाटीइतका वायुदाब ठेवल्यास कवचाच्या दर चौ. मी. क्षेत्रावर सुमारे १० टनांचा भार पडतो. १९९७ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने आखलेल्या ‘ट्रान्सहॅब’ या योजनेत हा भार केव्हलार तंतूंच्या विणीवर घेतला होता. सूक्ष्म उल्कांचा आघात शमविण्यासाठी तिच्याबाहेर सिरॅमिक कापड व फेस यांचे थर होते. विस्तारल्यानंतर तिचा व्यास सुमारे ८ मी. होणार होता. परंतु अमेरिकन काँग्रेसने २००० मध्ये या कामावरील खर्चास बंदी घातली.

पुढे बिगेलो एरोस्पेस या खाजगी कंपनीने या तंत्राचे हक्क घेऊन २००६ व २००७ मध्ये ‘जेनेसिस’ मालिकेतील दोन मानवरहित नमुने कक्षेत सोडले. तिची ‘बीम’ ही कोठी एप्रिल २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकास जोडण्यात आली. २६ मे रोजी तिचे कापड अपेक्षेप्रमाणे न उलगडल्यामुळे काम थांबवावे लागले. २८ मे रोजी हवा थोडी थोडी सोडून ती सु. सात तासांत पूर्ण विस्तारली. तिचे घनफळ १६ घ. मी. असून ती दोन वर्षांसाठीच योजिलेली होती. तथापि ती त्यानंतरही टिकून राहिली व साहित्य साठविण्यासाठी वापरात आली.

कापडी कवच कक्षेत अनेक वर्षे टिकते, हे ‘बीम’ने सिद्ध केले. मात्र तिच्यात अंतराळवीर अधूनमधून जात, राहत नसत. त्यामुळे निवास या मूळ हेतूची खरी कसोटी अद्याप लागलेली नाही.