नाडीची चाल

माझ्या लहानपणी मानोऱ्यात आमच्या घरी एक हकीमसाहेब येत. मनगटावर बोटे ठेवून डोळे मिटत आणि म्हणत, याची नाडी हरणासारखी चालते, त्याची मुंगीसारखी. मला ती कविताच वाटे. पुढे कळले, की ही नावे इब्न सीनाच्या ‘अल-कानून’ या ग्रंथात आहेत. म्हणजे जवळजवळ हजार वर्षांपूर्वीची. आपल्या शार्ङ्गधरसंहितेतही नाडीला साप, बेडूक, हंस यांच्या चाली दिल्या आहेत आणि थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक मानली आहे.

हे सारे आठवले ते अम्मीच्या उशाशी बसलो असताना. तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला. तपासणीत कळले, की हृदयाचे ठोकेही अनियमित आहेत. एका डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी लिहून दिली. दुसऱ्यांनी त्याच चिठ्ठीवर ती खोडली. कोणीतरी एक चुकतो आहे, असे वाटून मी चिडलो. गोळीचा इतिहास वाचला तेव्हा राग ओसरला.

नाडी अशी का अडखळते, हे विसाव्या शतकात उलगडले. हॉलंडच्या आइंटहोवेन यांनी हृदयाचा विद्युत आलेख काढण्याचे यंत्र केले. त्यासाठी त्यांना 1924 चे नोबेल मिळाले. त्याच यंत्राने लंडनच्या थॉमस लुईस यांनी 1909 मध्ये दाखवले, की अशा रुग्णांच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे रक्त साचते, गुठळी होते, ती मेंदूत जाऊन अडकते आणि लकवा होतो.

गुठळीवरचे औषध गोठ्यातून आले. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. 1933 च्या हिवाळ्यात एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणारे रक्त घेऊन हिमवादळातून विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथे कार्ल लिंक यांनी चाऱ्यातले ते द्रव्य शोधले. त्याच कुळातले वॉरफरिन 1948 मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि 1954 मध्ये माणसांसाठी मान्य झाले. पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते देण्यात आले. ठोके अनियमित असणाऱ्यांमध्ये लकव्याचा धोका वॉरफरिनने सुमारे दोन-तृतीयांश कमी होतो, हेही पुढे सिद्ध झाले.

पण ज्यांच्या मेंदूत आधीच रक्त सांडले आहे, त्यांचे काय? मोठ्या चाचण्यांतून अशा रुग्णांना बहुधा वगळले जाई. 2025 मध्ये युरोपातील सहा देशांतल्या 319 रुग्णांची चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. नव्या पिढीची रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांपैकी एकालाच गुठळीचा लकवा झाला, न घेणाऱ्यांपैकी वीस जणांना. मेंदूतला रक्तस्राव मात्र घेणाऱ्यांत अकरा जणांना पुन्हा झाला, न घेणाऱ्यांत एकालाच. म्हणजे लिहिणाऱ्या डॉक्टरांना गुठळीची भीती होती, खोडणाऱ्यांना रक्तस्रावाची. आणि दोन्ही भीती खऱ्या होत्या.

हा प्रश्न फक्त शहरातला नाही. आपल्या विदर्भातच, गडचिरोलीच्या 86 गावांत 2011 ते 2013 या काळात ‘सर्च’ संस्थेने मृत्यूंची कारणे तपासली. दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा निघाला, आणि त्या रुग्णांपैकी 87 टक्के घरीच वारले.

मग आम्ही काय केले? मेंदूच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायची विनंती केली. रक्तस्राव मेंदूच्या कोणत्या भागात झाला, रक्तदाब किती, वय किती, हे पाहून दोघांनी मिळून ठरवले. तो निर्णय अम्मीपुरता. दुसऱ्याला तो लागू पडेलच असे नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवा, हे मात्र दोघांनीही बजावले.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका, बंदही करू नका. दोन्ही डॉक्टरांच्या फायली एकाच पिशवीत ठेवा. आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याने खोडले, तर का खोडले, हे तिथेच, त्यांच्यासमोर बसून विचारा.