माळवदाचा खण आणि तुळईचे कंपन

परभणी जिल्ह्यात जिंतूर, पाथरी, सेलू, मानवत या भागांत जुन्या घराचा विस्तार खणांवरून सांगितला जाई. खण म्हणजे खांब आणि तुळया यांनी आखलेला छताचा एक भाग. त्यावर कड्या-फळ्यांचा कडीपाट किंवा बारीक लाकडांचा किलचा अंथरून वर मातीचा जाड थर दिला की माळवद तयार होई. ही माती शेतातली काळी नसे, कारण काळी माती भिजून फुगते आणि वाळून भेगाळते. ती गावठाणातील जुन्या वस्तीची पांढरी माती असे. फूटभर जाडीच्या अशा थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरते, आणि हा भार तुळईला जन्मभर वाहावा लागे.

अठराव्या शतकात डॅनियल बर्नुली व लिओनार्ड ऑयलर यांनी तुळईच्या कंपनाचे जे गणित मांडले, त्यानुसार तुळईची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का बसल्यावर ती सेकंदाला जितक्या वेळा खालीवर होते ती संख्या, लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. सहा फुटांच्या जागी नऊ फुटांचे तेच लाकूड टाकले, तर ही संख्या 44 टक्क्यांवर येते आणि उन्हाळ्यात माळवदावर निजणाऱ्यांच्या पावलांनीही छत लचकू लागते. उलट चार इंच रुंद व आठ इंच उंच तुळई आडवी न टाकता धारेवर उभी ठेवली, तर वजन तेच राहून ताठरपणा चौपट आणि वारंवारता दुप्पट होते.

टेकूचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. दोन्ही टोके घट्ट जखडलेली तुळई नुसत्या टेकवलेल्या तुळईपेक्षा सुमारे सव्वादोन पट वेगाने कंप पावते. माळवदाची तुळई या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असे, कारण खांबाच्या माथ्यावरचा आडवा लाकडी ठोकळा तिचा मोकळा भाग थोडा आखूड करी, पण सांध्यात ती किंचित फिरू शके. याच जिल्ह्यातील चारठाण्याच्या यादवकालीन मंदिरांत स्तंभांच्या माथ्यावरच्या दगडी हस्तांनीही दगडी तुळईचा मोकळा भाग असाच आखूड केला आहे. ताण फारसा सोसू न शकणाऱ्या दगडाला तर त्याची गरज अधिकच होती.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे अशाच माळवदाच्या, दगड-मातीच्या भिंतींच्या घरांत गाडली गेली. तरीही काही घरांत, भिंती ढासळल्यावरही, तळखड्यांवर, म्हणजे पायथ्याच्या दगडांवर, उभ्या खांबांचा आणि तुळयांचा सांगाडा तसाच राहिला, कारण तेथे तुळईचा भार भिंतीवर नव्हता, खांबांवर होता.