पुण्याची चित्रशाळा

मुद्रणकलेचा इतिहास सांगताना ग्रंथ व वृत्तपत्रे यांचेच गुणगान होते. घरोघरच्या भिंतींवर विराजमान झालेल्या रंगीत चित्रांची कथा मात्र उपेक्षितच राहते. सन १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सहकाऱ्यांसह पुण्यास ‘चित्रशाळा’ स्थापन केली. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईस निघाला तो १८९४ मध्ये, म्हणजे त्यानंतर १६ वर्षांनी.

शिळाछापाचे तत्त्व साधे आहे. तेल आणि पाणी एकजीव होत नाहीत. गुळगुळीत दगडावर स्निग्ध द्रव्याने आकृती उलटी रेखाटतात. ओला दगड शाई झिडकारतो, रेषा तेवढी ती धरून ठेवते. प्रत्येक रंगास निराळा दगड लागतो, आणि ठसा केसभर सरकला तरी मुद्रा बिघडते. अशा परिश्रमांतून रामपंचायतन, नाना फडणीस इत्यादी चित्रे निर्माण झाली.

पुढे १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल व १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला. दोहोंच्या स्थापनेत शास्त्रीबोवा होतेच. परंतु शाळा विद्यार्थ्यांसाठी, पत्र साक्षरांसाठी. चित्रास अक्षरओळखीचीही अट नव्हती.

शास्त्रीबोवांनी ‘निबंधमाले’तून जोतीराव फुले यांजवर कठोर टीका केली, हे विसरून चालणार नाही. तथापि देवालयाच्या पायरीशी ज्यास अडविले जाई, त्याला देवाचे चित्र आपल्या घरी लावण्यास कोणाचीही अनुज्ञा लागत नव्हती. संस्थापकाच्या मतांची मर्यादा त्याच्या कार्यास पडतेच असे नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.