खोलीचा घुमारा

हल्ली घरातल्या सिनेमासाठी लाखांची यंत्रे मिळतात. मायक्रोफोनने खोली मोजून ती आवाज सावरतात. घुमारा मात्र सतरंज्या-पडदेच गिळतात. यंत्र पारखताना मी तरी आधी जमिनीकडे पाहीन. कारण ही सारी विद्या निघाली ती गाद्यांतून!

१८९५ साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. व्याख्यान कुणाला कळेना. (आम्हा मास्तरांना हे दुःख ठाऊक आहे.) वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने रात्री जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या गाद्या वाहून आणाव्यात, ऑर्गनची नळी वाजवावी, नाद विरेपर्यंतचा वेळ निव्वळ कानाने मोजावा आणि उजाडण्यापूर्वी गाद्या परत पोचवाव्यात! त्यातून १८९८ मध्ये सूत्र हाती आले. त्याच्याच आधारे बांधलेले बॉस्टनचे सिम्फनी हॉल १९०० साली उघडले. जगातल्या उत्तम संगीतगृहांत त्याची गणना आजही होते.