पावाची माशी
गळाला खरा किडा न लावतां पिसांची नि लोकरीची खोटी माशी बांधून मासा फसविण्याची विद्या फार जुनी. मॅसिडोनियांतले कोळी गळास तांबडी लोकर व कोंबड्याचीं दोन पिसें बांधीत, असें इ. स. २०० च्या सुमारास ईलियन यानें लिहून ठेविलें आहे. इंग्लंडांत १४९६ सालीं छापलेल्या एका प्रबंधांत अशा बारा माश्यांची कृति सांपडते.

१८८६ मध्यें फ्रेडरिक हॅलफर्ड यानें तरंगत्या माश्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या संप्रदायाचें सोवळें मोठें कडक! मासा ज्या कीटकावर झडप घालीत असेल, त्याचीच हुबेहूब प्रतिकृति पाण्यावर सोडावयाची. या सोवळ्यांत पावाला जागा कोठून असणार? आयझॅक वॉल्टननें सतराव्या शतकांतच रोहूच्या कुळांतील कार्प माशासाठीं पावाचा चुरा व मध यांची गोळी सुचविली होती. पण तें आमिष, माशी नव्हे.

तळ्यांतील बदकांना लोक पाव टाकतात आणि त्यांतला उरलासुरला कार्प वर येऊन गट्ट करतो. खरा पाव मात्र भिजून मऊ होतो व फेंकतांना हिसक्यासरशीं गळावरून सुटतो. म्हणून हरणाचे पांढरे केस घेतात. ते आंतून पोकळ असल्यामुळें तरंगतात. दोरा आवळतांच ते गळाभोंवतीं ताठ उभे राहतात. मग दाटीनें बसवून कात्रीनें छाटले कीं झाला पावाचा तुकडा!

हिला पंख नाहींत, पाय नाहींत. तरी मासा खात असेल तेंच त्याच्यापुढें ठेवावें, हा हॅलफर्डचा नियम ही माशी तंतोतंत पाळते. अडचण एवढीच कीं, बदकांनाहि ती पावच वाटते.