तुम्ही मूळचे कुठले?

गेल्या महिन्यात माझी लेक शाळेतून आली ती एक प्रश्न घेऊनच. भूगोलाच्या तासाला स्थलांतराचा धडा चालू होता. बाईंनी प्रत्येकाला आपले कुटुंब कुठून आले ते विचारले. हिने सांगितले, "रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला." मधल्या सुट्टीत मैत्रीण म्हणाली, "ते ठीक आहे गं, पण तुम्ही मूळचे कुठले? अरबस्तानातले ना?"

हा प्रश्न मला नवा नाही. वसतिगृहात, कचेरीत, रेल्वेच्या डब्यात तो मी अनेकदा ऐकला आहे. कधी आपुलकीने, कधी खोचकपणे. पण दोष फक्त विचारणाऱ्यांचा नाही. लग्नाची बोलणी सुरू झाली की "आमचे खानदान थेट अरबांचे" असे छाती फुगवून सांगणारे आमच्यातही कमी नाहीत. बाहेरचे ज्याला आरोप म्हणून वापरतात, तेच आपण मिरवतो. म्हणून एकदा इतिहास आणि भूगोल समोर ठेवून याचा विचार करावा असे वाटले.

सुरुवात वाऱ्यापासून करू. पावसाळा ओसरू लागला की नैऋत्येच्या वाऱ्यावर अरबी आणि इराणी किनाऱ्यांवरची गलबते कोकणाकडे येत आणि हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर परत जात. वारा चुकला तर पुढच्या मोसमापर्यंत मुक्काम. खुद्द 'मोसम' हा शब्दच अरबी आहे. व्यापाऱ्याला महिनोन्महिने बंदरात राहावे लागे, त्यातून वखारी उभ्या राहिल्या, मशिदी झाल्या, संसार झाले.

याचा लेखी पुरावा आहे. अल-मसूदी हा बगदादचा इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो 'मुरूज अल-जहब' या ग्रंथात नोंदवतो. त्यात सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून येऊन इथेच लग्न करून स्थायिक झालेले लोक होते. पण तो 'बयासिरा' नावाच्या आणखी एका गटाचा उल्लेख करतो. बयासिरा म्हणजे हिंदुस्थानच्या भूमीत जन्मलेले मुसलमान. अकराशे वर्षांपूर्वी चौलच्या बंदरात 'इथेच जन्मलेला मुसलमान' यासाठी स्वतंत्र शब्द रूढ होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. प्रदेश राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता, आणि मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता.

दुसरा पुरावा डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांचा. शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला ताम्रपट संस्कृतात आहे. त्यात संजाण प्रांताचा कारभार पाहणाऱ्या 'ताजिक', म्हणजे अरब, अधिकाऱ्याचे वर्णन येते. त्याचे नाव मधुमती. अभ्यासकांच्या मते हे 'मुहम्मद'चे संस्कृत रूप. या मधुमतीने नद्यांवर मोफत तरी सुरू केल्या, अन्नछत्र घातले, आणि त्याच्या कारकिर्दीत देवीच्या मठासाठी जमीन दान दिली गेली. मुसलमान अधिकारी, हिंदू राजा, देवीचा मठ आणि संस्कृत लेख, हे सारे एकाच पत्र्यावर.

आता संस्कृतीकडे येऊ. समुद्रावरून येणारे बहुतेक पुरुष होते. त्यांची घरे उभी राहिली ती इथल्या बायकांशी लग्न करून. शिवाय ज्या स्थानिकांनी इस्लाम स्वीकारला त्यांची भाषा तर इथलीच होती. म्हणून आमच्या घरात जी बोली आहे ती किनाऱ्याची मराठी-कोकणी आहे, तिच्यात अरबी-फारसी शब्द मिसळले आहेत. देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असेही नाही. बंदर, दर्यावर्दी, नाखवा हे शब्द कुठलाही मराठी माणूस वापरतो, त्यांचा उगम फारसीत आहे याची त्याला आठवणही नसते. माझी दादी कुराण अरबीत पढायची आणि शेजारणीशी भांडायची ती मराठीत. या दोन्हींत विसंगती आहे असे तिला कधी वाटले नाही.

सगळ्या मराठी मुसलमानांची वाट हीच नव्हे. मालेगावचे मोमीन विणकर उत्तरेतून खुष्कीने आले. १८५७च्या उठावानंतरची धरपकड, दुष्काळ आणि हातमागाची ओढग्रस्ती यांनी त्यांना घराबाहेर काढले. त्यांची उर्दू, त्यांचे माग, त्यांचा इतिहास वेगळा. 'मुसलमान कुठून आले' या प्रश्नाला एकच उत्तर नसते ते यामुळेच.

आणि येण्याइतकीच जाण्याचीही गोष्ट आहे. रॅव्हनस्टीनने १८८५ मध्ये स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक माणसे जवळच जातात, आणि प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो, असे त्याचे म्हणणे. कोकण हे त्याचे ठळक उदाहरण आहे. आधी मुंबई, गोदी, गिरण्या. जहाजांवरचे खलाशी आणखी दूर, दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनपर्यंत पोचले. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाताची दारे उघडली. ज्या किनाऱ्यांवरून कधी गलबते आली, तिकडेच आमची पोरे विमानाने गेली.

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. राज्याचे प्रमाण ९२९ होते. दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. हे आकडे हिंदूंचे किंवा मुसलमानांचे नाहीत, कोकणाचे आहेत. गिरणगावातल्या चाकरमान्याची बायको गावी ज्या पोस्टमनची वाट पाहायची, त्याचीच वाट माझी आईही पाहायची. अब्बा दुबईला होते. दोघींच्या अंगणात एकच प्रश्न असायचा, मनिऑर्डर आली का? आमच्या घरी तिला ड्राफ्ट म्हणत, एवढाच फरक.

लेकीला मी हे सारे सोपे करून सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे आपण बयासिरा?" मी म्हटले, "हो, इथे जन्मलेले. आणि तुझ्या मैत्रिणीलाही विचार, तिचे पूर्वज कुठून आले. चिडून नको, भूगोल म्हणून विचार."

दुसऱ्या दिवशी तिने विचारले. मैत्रिणीला उत्तर माहीत नव्हते. तिने घरी आजोबांना विचारायचे ठरवले आहे.