कोपऱ्यावरचा इराणी

स्मरणिका समितीने 'शाळेभोवतालचं गिरगाव' हा विषय माझ्याकडे सोपवला, तेव्हा मी आपल्या १९७५च्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, "लेखात काय काय यायला हवं?" बहुतेकांचं उत्तर एकच आलं: कोपऱ्यावरचा इराणी. मग मी विचारलं, "हॉटेलचं नाव काय होतं?" यावर पाच जणांनी पाच नावं सांगितली. त्यातली दोन तर धोबीतलावच्या हॉटेलांची निघाली. मालकाचं नाव मात्र एकालाही सांगता येईना.

बाकी सगळं सर्वांना आठवत होतं. वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, भिंतीवरचे आरसे, बेसिनपाशी 'केस विंचरू नयेत' ही पाटी. कडक ब्रूनला भरपूर मस्का लावलेला असे आणि तो चहात बुडवला की कपात लोण्याचा तवंग यायचा. पाटीवर शीतपेयाची जाहिरात मोठी आणि हॉटेलचं नाव कोपऱ्यात बारीक, त्यामुळे ते वाचायच्या फंदात कोणी पडलं नाही.

आपण त्यांना खुशाल 'पारशीबाबा' म्हणायचो. धर्म एकच असला, तरी पारशी हजाराहून अधिक वर्षांपूर्वी गुजरातेत आले आणि इराणी त्या मानाने अगदी अलीकडे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पहिल्या काही दशकांत. यझद आणि केरमान भागातल्या जरथुश्त्री लोकांच्या वाट्याला दारिद्र्य आणि जाच होता. मुंबईच्या पारशांनी पाठवलेल्या मानेकजी लिमजी हातरिया यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १८८२मध्ये तिथला जिझिया रद्द झाला, तरी मुंबईकडची वाट थांबली नाही. इथे येऊन त्यांनी चहा-पावाचा धंदा धरला. कोपऱ्याची जागा अशुभ समजून इतर व्यापारी घेत नसत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असं सांगतात. दोन रस्त्यांची गिऱ्हाइकं मिळतात, हेही खरंच. धोबीतलावचं कयानी १९०४चं आणि ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मेरवान १९१४चं. आपलं हॉटेल त्याच पंगतीतलं, फक्त त्याची नोंद कुठे सापडेना.

आपल्या कोपऱ्यावर आता औषधांचं दुकान आहे. तिथल्या मुलाला इराणी वगैरे काही ठाऊक नव्हतं. मग मी शाळेच्या ग्रंथालयात जुने वार्षिक अंक काढून बसलो. अंकाच्या शेवटी आसपासच्या दुकानदारांच्या जाहिराती असत. शिंपी, पुस्तकवाले, मिठाईवाले सगळे होते, पण इराणी नव्हता. दर वर्षी एक अर्धं पान मात्र जवळजवळ कोरं असे. त्यावर एवढंच छापलेलं: 'एक हितचिंतक'.

कार्यालयातल्या बाईंनी १९७४-७५ची किर्द शोधून दिली. जाहिरातींच्या जमेत शेवटची नोंद होती: 'कोपऱ्यावरचे इराणी, रु. २५'. म्हणजे पैसे घेणाऱ्या शाळेनेही त्यांचं नाव लिहिलेलं नव्हतं.

ती नोंद वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. त्याचं कारण आजवर ग्रुपवरही कधी सांगितलं नाही. मे १९७४मध्ये देशभर रेल्वेचा संप झाला. ८ तारखेला सुरू झालेला तो संप वीस दिवस चालला. माझे वडील रेल्वेत कारकून होते आणि संपात होते. जूनमध्ये आपली दहावी सुरू झाली, नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी, तेव्हा आमच्या घरी पगार येत नव्हता. मी डबा आणत नव्हतो आणि मधल्या सुट्टीत इराण्याच्या दारात उगाच उभा राहायचो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं, ब्रून-मस्का आणि चहा पुढे ठेवला आणि म्हणाले, "पैसा वहीत लिहितो. मोठा झाला की दे." असं दिवाळीपर्यंत चाललं. ते पैसे मी कधीच दिले नाहीत. पुढे कॉलेज, नोकरी, बदल्या, आणि १९८८मध्ये परत आलो तेव्हा हॉटेलला कुलूप होतं.

म्हणून यावेळी शोध अर्धा सोडायचा नव्हता. धोबीतलावातल्या एका जुन्या इराण्याच्या गल्ल्यावर चौकशी केली. त्यांनी दुसऱ्याकडे पाठवलं, त्याने तिसऱ्याकडे, आणि शेवटी दादरच्या पारशी कॉलनीत त्यांच्या पुतण्याच्या घरी पोहोचलो. पुतणे आता सत्तरीचे आहेत. त्यांच्याकडून कळलं ते असं: आजोबा यझदजवळच्या खेड्यातून आले, आधी दुसऱ्याच्या हॉटेलात कप विसळले, मग भागीदारीत हे हॉटेल घेतलं. पुढे भागीदार थकले, मुलं शिकून इतर कामांना लागली, पहाटे चारला उठायला कोणी उरलं नाही, आणि १९८६मध्ये हॉटेल बंद झालं. काका त्यानंतर तीन वर्षांनी गेले.

मी उधारीच्या वहीचं विचारलं. ते हसले. "वहीत नावं नव्हती, साहेब. लंबू, चष्मा, गोलकीपर असं लिहायचे. नाव विचारलं तर पोरगा घाबरतो, घरी कळेल म्हणून. बंद करताना मी विचारलं, या वह्यांचं काय करू? म्हणाले, फाडून टाक."

मी तेव्हाही चष्मा लावायचो.

निघताना मी म्हणालो, काकांचं आणि हॉटेलचं नाव स्मरणिकेत छापतो. पुतणे थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "नको. छापायचं असतं तर त्यांनीच छापलं असतं ना? पंचवीस रुपये भरतच होते."

तेव्हा मित्रहो, लेखात नाव नाही. स्नेहसंमेलनात भेटाल तेव्हा प्रत्येकाला सांगेन, कारण ते आपल्याला माहीत असायला हवं. उधारीचा हिशेब आता लागणार नाही. माझ्या अंदाजाने जेवढा होतो त्याहून बरीच जास्त रक्कम मी शाळेच्या गरजू विद्यार्थी निधीत भरली आहे. पावती कोणाच्या नावे करू, असं कार्यालयातल्या बाईंनी विचारलं. मी सांगितलं, लिहा, 'एक हितचिंतक'.